मानेतली डावी धमनी शंभर टक्के बंद, तरी सासरे चालतात-बोलतात. हे कसं?

केतकी_निगडी | ३ जून, रात्री १०:१२

माझे सासरे ७१ वर्षांचे, एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त. बीपी जुनंच, साखर काठावर, तंबाखू सोडली (असं ते म्हणतात). गेले काही महिने सकाळी अंथरुणातून उठून उभे राहिले की त्यांचा उजवा हात थडथडायचा. शुद्ध पूर्ण असायची. "अगं, हा बघ परत नाचायला लागला," असं म्हणून मलाच हाक मारायचे. खाली बसले की मिनिटभरात थांबायचा. जवळच्या डॉक्टरांनी फिट समजून गोळी सुरू केली. त्या गोळीने दिवसभर पेंग यायची, हात काही थांबेना.

शेवटी न्यूरोलॉजिस्टकडे नेलं. त्यांनी आधी झोपवून आणि मग उभं करून बीपी घेतलं, मानेला स्टेथोस्कोप लावून ऐकलं आणि एमआरआय, सीटी अँजिओ लिहून दिली. रिपोर्ट असा: डावी इंटर्नल कॅरोटिड पूर्ण बंद, उजवी ४० टक्के, मेंदूत डाव्या बाजूला ओळीने बारीक ठिपके. आणि शेवटी एक ओळ, 'गुड कोलॅटरल्स'.

डॉक्टर म्हणतात, ऑपरेशन नाही, स्टेंट नाही, फक्त औषधं आणि बीपीवर नजर. इथेच घोडं अडलंय. नणंद म्हणते, "शंभर टक्के ब्लॉक आणि गोळ्यांवर भागवायचं? दुसरीकडे दाखवू." सासरे म्हणतात, "मला काही होत नाही, मला गावाला सोडा." मधल्यामध्ये मी आणि नवरा. या कोलॅटरल्स म्हणजे नक्की काय, त्यांच्यावर किती विसंबायचं, आणि त्या वाढवता येतात का? जाणकारांनी कृपया सांगा.

मंदार_७ | ३ जून, रात्री १०:३१

धाग्यावर लक्ष ठेवून आहे. आमच्या मामांच्या अंगावरून वारं गेलं तेव्हा रिपोर्टात हाच शब्द होता, फक्त मागे 'पुअर' होतं.

शिरोरेखा | ३ जून, रात्री ११:४८

मी रेडिओलॉजिस्ट. पेशंट तपासत नाही, अंधाऱ्या खोलीत बसून चित्रं वाचतो. तेव्हा उपचारांचं तुमचे न्यूरोलॉजिस्टच ठरवतील, मी उंटावरून शेळ्या हाकणार नाही. पण त्या एका ओळीत काय दडलंय ते सांगतो.

मेंदूला रक्त नेणाऱ्या मोठ्या धमन्या चार. मानेच्या पुढच्या भागातून दोन कॅरोटिड, मागून मणक्यांमधून वर चढणाऱ्या दोन व्हर्टिब्रल. मेंदूचं वजन शरीराच्या दोन टक्के, पण ऑक्सिजन लागतो २० टक्के, आणि शिल्लक साठा जवळपास काहीच नाही. दर १०० ग्रॅम मेंदूला मिनिटाला साधारण ५० मिलिलिटर रक्त लागतं. ते २० च्या खाली गेलं की तो भाग काम थांबवतो, १० च्या खाली गेलं की काही मिनिटांत मरतो. या दोन आकड्यांच्या मधला मेंदू बंद पडलेला असतो पण जिवंत असतो. त्याला जिवंत ठेवतात त्या कोलॅटरल्स, म्हणजे मुख्य वाट बंद पडल्यावर वळसा घालून रक्त आणणाऱ्या वाहिन्या.

पहिली फळी कवटीच्या तळाशी असते. चारही धमन्यांना एकमेकींशी जोडणारं एक कडं आहे, सर्कल ऑफ विलिस. डावी कॅरोटिड बंद झाली की उजवीचं रक्त पुढच्या जोडधमनीतून डावीकडे जातं, आणि मागच्या व्हर्टिब्रलचं रक्त मागच्या जोडधमनीतून पुढे येतं. हे कडं धड असेल तर काम लगेच सुरू होतं, कारण वाट जन्मापासूनच असते.

दुसरी फळी जरा गमतीची. चेहऱ्याला रक्त देणाऱ्या एक्स्टर्नल कॅरोटिडच्या फांद्या डोळ्याभोवती डोळ्याच्या धमनीला भेटतात. एरवी या धमनीत रक्त मेंदूकडून डोळ्याकडे जातं. कॅरोटिड बंद झाली की तेच रक्त उलटं फिरतं: चेहऱ्याकडून डोळ्याच्या खोबणीतून आत, मेंदूकडे. डोप्लरवर (रक्ताचा वेग आणि दिशा दाखवणारी सोनोग्राफी) ही उलटी दिशा स्पष्ट दिसते. केतकी, रिपोर्टात 'ऑफ्थॅल्मिक' आणि 'रिव्हर्सल' हे शब्द आहेत का बघा. याच फळीत मेंदूच्या पृष्ठभागावरच्या जोडवाहिन्या येतात. पुढच्या, मधल्या आणि मागच्या धमनीच्या टोकाच्या फांद्या तिथे एकमेकींना भेटतात. जाडी अर्ध्या मिलिमीटरपेक्षा कमी. १८७४ मध्ये ह्यूबनर या जर्मन डॉक्टरने त्या दाखवून दिल्या, पण कित्येक दशकं लोक म्हणत राहिले की असतील, उपयोगाच्या नाहीत.

तिसरी फळी नव्याने फुटणाऱ्या वाहिन्यांची. त्या उशिरा येतात आणि नाजूक असतात.

आता सासऱ्यांचा हात. डाव्या मेंदूचं सगळं रक्त वळसा घालून येतंय. झोपेतून उठून उभं राहिलं की बीपी क्षणभर पडतं, वळशाच्या टोकाला असलेल्या भागाला रक्त कमी पडतं आणि उजवा हात थडथडतो. याला 'लिंब शेकिंग टीआयए' म्हणतात. टीआयए म्हणजे मेंदूचा रक्तपुरवठा थोडा वेळच कमी पडून आपोआप सावरणारा, तात्पुरता झटका. फिट म्हणून हा सर्रास सुटतो. फरक एवढाच की हा उभं राहिल्यावर येतो आणि बसल्यावर किंवा आडवं झाल्यावर जातो. ओळीने असलेले ठिपकेही तेच सांगतात. दोन धमन्यांच्या हद्दी जिथे मिळतात ती जमीन दोघींच्याही शेपटाला असते, पाणी तिथे सगळ्यात आधी तुटतं.

उभं करून बीपी घेणाऱ्या तुमच्या डॉक्टरांना माझ्याकडून पैकीच्या पैकी.

केतकी_निगडी | ४ जून, सकाळी ७:०५

शिरोरेखा, खूप आभार. रिपोर्ट काढून बघितला. 'रिव्हर्सल ऑफ फ्लो इन लेफ्ट ऑफ्थॅल्मिक आर्टरी' असंच आहे. सासऱ्यांना सांगितलं की तुमच्या मेंदूला डोळ्यातून रक्त जातंय. ते म्हणाले, "मग चष्म्याचा नंबर वाढला त्याचं कारण हे होय!"

बापूसाहेब_के | ४ जून, सकाळी ८:२०

ताई, घाबरू नका. आलं, लसूण आणि लिंबाचा रस समप्रमाणात, त्यात ॲपल सायडर व्हिनेगर, उकळून थंड झाल्यावर मध. रोज उपाशीपोटी तीन चमचे. आमच्या ओळखीच्यांची हृदयाची तीन ब्लॉकेज उघडली. बायपासची तारीख रद्द केली त्यांनी.

संशयात्मा | ४ जून, सकाळी ८:३४

बापूसाहेब, उघडली हे कुणी बघितलं? नंतर अँजिओग्राफी केली होती का?

बापूसाहेब_के | ४ जून, सकाळी ८:४१

गरज काय? माणूस जिने चढतोय.

शिरोरेखा | ४ जून, दुपारी १:१५

जिने चढतोय म्हणजे ब्लॉकेज उघडलं असं होत नाही. केतकींचे सासरे शंभर टक्के बंद धमनी घेऊन चालतायत, त्यांनी काढा घेतलेला नाही. हृदयातही कोलॅटरल्स असतात. तुमच्या ओळखीच्यांचं श्रेय कदाचित त्यांना जायचं असेल.

धमनीतला तो थर म्हणजे चरबी, तंतू आणि कॅल्शियम. बऱ्याच पेशंटमध्ये सीटीवर तो हाडासारखा पांढरा दिसतो. लिंबाने तो विरघळत नाही. स्टॅटिनची (कोलेस्टेरॉल कमी करणारी) गोळी त्याला काही प्रमाणात आकसवते, पण तिचं मोठं काम म्हणजे तो फुटू नये, त्यावर गुठळी धरू नये इतका घट्ट करणं. आणि केतकी, सासरे रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या घेत असतील तर लसणाचे असले डोस डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. भाजीतला लसूण खुशाल चालू द्या.

अमोल_दोहा | ४ जून, संध्याकाळी ६:५०

धागा वाचून पाचावर धारण बसलीय. वय ३८. डोकेदुखीसाठी एमआरआय केला, त्यात 'हायपोप्लास्टिक राइट ए-वन सेगमेंट' आणि 'फीटल ओरिजिन ऑफ लेफ्ट पीसीए' असं आलंय. म्हणजे माझं हे विलिसचं कडं अर्धवट आहे? काय करू?

शिरोरेखा | ४ जून, रात्री ९:२२

काही करू नका, जेवून झोपा. पुस्तकात असतं तसं सगळ्या बाजूंनी जुळलेलं कडं निम्म्याहून कमी लोकांत सापडतं. कुणाची एक जोडधमनी केसाएवढी, कुणाची नाहीच, कुणाची मागची धमनी गर्भात असते तशी कॅरोटिडमधूनच निघते. हे आजार नव्हेत, घडण आहे. नाकाचा आकार जसा प्रत्येकाचा वेगळा. आम्हाला रिपोर्टात लिहावं लागतं, आणि वाचणारा रात्रभर जागतो.

याला अर्थ येतो तो मोठी धमनी बंद पडली तरच. ज्याच्या कड्याची पुढची जोडधमनी नाही त्याची कॅरोटिड बंद झाली तर पहिली फळी कोसळते. म्हणून एकाच जागी, एकाच मापाच्या ब्लॉकने एकाला काहीच होत नाही आणि दुसऱ्याचा अर्धा मेंदू जातो. तुमच्या हातात आहे ते बीपी, साखर, सिगारेट. कडं नाही.

इतिहासखुणा | ४ जून, रात्री ११:०३

विलिसचा विषय निघालाच आहे तर थोडं अवांतर. थॉमस विलिस ऑक्सफर्डचा. १६६४ मध्ये त्याचं 'सेरेब्री अनाटोमी' हे लॅटिन पुस्तक आलं. त्यातली चित्रं काढणाऱ्यांत ख्रिस्तोफर रेन होता, लंडनचं सेंट पॉल्स कॅथीड्रल ज्याने उभारलं तो. आपल्याकडे त्याच वर्षाच्या सुरुवातीला शिवाजी महाराजांनी सुरतेवर पहिली स्वारी केली, म्हणजे काळ डोळ्यांसमोर येईल.

हे कडं त्याच्या आधीही लोकांनी पाहिलं होतं. स्वित्झर्लंडच्या वेप्फरने १६५८ मध्ये झटक्यावरच्या (म्हणजे पक्षाघातावरच्या) पुस्तकात या धमन्यांचं वर्णन केलं आहे. मग नाव विलिसचं का? कारण त्याने हे कडं असतं कशासाठी ते विचारलं. एका बाजूच्या कॅरोटिडमध्ये रंगीत द्रव सोडला की तो दुसऱ्या बाजूलाही पोचतो, हे त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी करून पाहिलं.

आणि या धाग्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं: त्याने एका माणसाचं शवविच्छेदन केलं. तो माणूस पोटातल्या गाठीने गेला होता. कवटी उघडली तर उजवी कॅरोटिड आत शिरते तिथे दगडासारखी घट्ट, जवळजवळ पूर्ण बंद. आणि त्याच बाजूची व्हर्टिब्रल जोडीदाराच्या तिप्पट जाड. जिवंतपणी या माणसाला झटका आलेला नव्हता. विलिसला प्रश्न पडला तो केतकींच्या घरात पडलाय तोच, आणि त्याने उत्तरही तेच दिलं: रक्ताने दुसरी वाट मोठी करून घेतली.

मंदार_७ | ४ जून, रात्री ११:१०

जबरदस्त. म्हणजे साडेतीनशे वर्षांपूर्वीचा 'गुड कोलॅटरल्स'चा रिपोर्ट.

संशयात्मा | ५ जून, सकाळी ९:४५

माझा प्रश्न नणंदबाईंच्या बाजूचा आहे. (कुणीतरी घ्यायला हवी ना!) शरीर स्वतः वळसा काढतं, मग सर्जनने एक पक्का वळसा का काढून देऊ नये? हृदयाला बायपास करतात. आणि ७० टक्के ब्लॉकला मान उघडून धमनी साफ करतात म्हणे, मग १०० टक्क्यांना का नाही?

शिरोरेखा | ५ जून, दुपारी २:३०

प्रश्न रास्त आहे. सर्जनांनाही नेमका हाच पडला होता.

आधी ७० विरुद्ध १००. १९९१ च्या 'नॅसेट' या अमेरिका-कॅनडातल्या अभ्यासात, झटका किंवा टीआयए येऊन गेलेले आणि कॅरोटिड ७० ते ९९ टक्के अरुंद असलेले पेशंट घेतले. दोन वर्षांत त्याच बाजूचा झटका औषधांवरच्या गटात २६ टक्क्यांना, ऑपरेशनच्या गटात ९ टक्क्यांना. एवढा मोठा फरक औषधशास्त्रात क्वचित दिसतो. पण तिथे धमनी वाहती असते. अरुंद जागेवरून गुठळ्यांचे तुकडे सुटून वर जात असतात, तोच मुख्य धोका. पूर्ण आणि जुनी बंद झालेली कॅरोटिड बहुतेक वेळा वर कवटीपर्यंत घट्ट गोठलेली असते. ती उघडायला गेलं तर तेच गोठलेलं मेंदूत ढकललं जाण्याची भीती. आगीतून फुफाट्यात. म्हणून ९५ टक्क्यांना धावपळ आणि १०० टक्क्यांना औषधं, हे ऐकायला उलटं वाटलं तरी बरोबर आहे.

आता बायपास. कानाजवळ बोट ठेवलं तर जी धमनी उडताना लागते ती टाळूची (डोक्यावरच्या कातडीची) धमनी, कवटीला भोक पाडून मेंदूवरच्या धमनीला शिवायची. मेंदूचे सर्जन यासर्गिल यांनी झुरिकमध्ये १९६७ मध्ये ही पहिल्यांदा केली. कल्पना इतकी सुंदर की जगभर सुरू झाली. १९८५ मध्ये १३७७ पेशंटांच्या अभ्यासाचा निकाल आला: झटके कमी होत नाहीत. सर्जन म्हणाले, तुम्ही सरसकट सगळे घेतलेत, ज्यांच्या कोलॅटरल्स खरंच तोकड्या आहेत तेच निवडा. तेही केलं. २०११ च्या 'कॉस' अभ्यासात पेट स्कॅन करून मेंदू रक्तातला ऑक्सिजन ओरबाडून घेतोय असेच पेशंट निवडले. बायपास उत्तम वाहत होते. तरी दोन वर्षांचा निकाल जवळजवळ सारखा, बायपासवाल्यांत २१ टक्के आणि औषधवाल्यांत २२.७ टक्के. कारण ऑपरेशनच्या पहिल्याच महिन्यात १४.४ टक्क्यांना झटका आला, औषधवाल्यांत दोन टक्क्यांना.

मेंदूच्या आतल्या अरुंद धमन्यांतल्या स्टेंटचीही तीच कथा. २०११ चा 'सॅम्प्रिस': तीस दिवसांत झटका किंवा मृत्यू, स्टेंटवाल्यांत १४.७ टक्के, कडक औषधोपचारात ५.८. अभ्यास मध्येच थांबवावा लागला. हे आपल्याला जास्त लागू, कारण कवटीच्या आतल्या धमन्या अरुंद होण्याचं प्रमाण गोऱ्या लोकांपेक्षा आशियाई लोकांत जास्त आहे.

निवडक पेशंटांत, औषधं देऊनही झटके येत राहिले तर, अनुभवी ठिकाणी आजही या गोष्टी करतात. पण नणंदेला सांगा की डॉक्टरांनी काही न करण्याचा सल्ला आळसाने दिलेला नाही.

संशयात्मा | ५ जून, दुपारी ३:०२

पटलं. म्हणजे एक्सप्रेस वे बंद झाला तर जुन्या खंडाळा घाटाने गाड्या जातायत, तिथेच रुंदीकरण काढलं तर तेही बंद पडेल.

शिरोरेखा | ५ जून, दुपारी ३:२०

झकास. फक्त एक भर. घाटातल्या गाड्यांना मागून रेटा लागत नाही, रक्ताला लागतो. तो रेटा म्हणजे बीपी. म्हणूनच या पेशंटांत खरी कसोटी बीपीच्या गोळ्यांची. बीपी जास्त राहिलं तर धमन्या आणखी खराब होणार, आणि एकदम खाली पाडलं तर वळशाचं टोक कोरडं. सावकाश, काही आठवड्यांत खाली आणायचं. लांबच्या पल्ल्याला कमी बीपी चांगलंच ठरतं: त्याच 'कॉस'च्या पेशंटांची नंतर छाननी केली तेव्हा १३०/८५ किंवा त्याखाली राहिलेल्यांना झटके कमी आले. "तुमच्या मेंदूला जास्त बीपी हवंय" असं सांगून गोळी बंद करायला लावणारे भेटले तर ऐकू नका.

रेवाची_आई | ५ जून, रात्री १०:४०

बऱ्याच दिवसांनी लॉगिन केलं, या धाग्यासाठी. आमच्या घरात हा विषय वेगळ्या टोकाने आला.

मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती. भावाच्या वाढदिवसाला फुगे फुगवत बसली होती. चौथ्या-पाचव्या फुग्याला तिच्या डाव्या हातातून फुगा गळून पडला आणि हात उचलेना. पंधरा मिनिटांत पूर्ववत. सगळे म्हणाले, दमली असेल, लक्ष वेधून घेतेय. नंतर असंच एकदा खूप रडल्यावर झालं. एकदा गरम सूपवर फुंकर घालताना. एका मोठ्या डॉक्टरांनी 'मानसिक' म्हणून आम्हाला समुपदेशनाला पाठवलं, त्यात बरेच महिने गेले.

निदान निघालं मोयामोया. यात मेंदूच्या तळाशी दोन्ही कॅरोटिडची टोकं हळूहळू बंद होत जातात, कारण कोलेस्टेरॉल नाही, धमनीची भिंतच आतून जाड होते. मेंदू मग बारीक बारीक वाहिन्यांचं जाळं विणून काम चालवतो. अँजिओग्राफीत ते जाळं धुरासारखं पसरट दिसतं. जपानच्या सुझुकी आणि ताकाकू यांनी १९६९ मध्ये हे नाव रूढ केलं. जपान, कोरियात जास्त, आपल्याकडे कमी, पण आहे.

फुग्याचं कारण डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलं. जोरात, भरभर श्वास सोडला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्याने मेंदूच्या धमन्या आकसतात. तुमच्या-माझ्या मेंदूला ते चालून जातं. जिचा मेंदू आधीच काठावर जगतोय तिचा हात पडतो.

तिला मात्र ऑपरेशन केलं, आणि मोयामोयात ते करतातच. टाळूची धमनी कापून न टाकता तशीच उचलून मेंदूच्या पृष्ठभागावर अंथरली. शिवली नाही, नुसती टेकवून ठेवली. तिच्यातून काही महिन्यांत नव्या वाहिन्या मेंदूत शिरल्या. पुढच्या स्कॅनमध्ये डॉक्टरांनी बोट ठेवून दाखवलं तेव्हा माझा विश्वास बसेना. आता ती नववीत आहे. फुगे पंपाने फुगवतो. शाळेला लेखी दिलंय की पाण्याची बाटली तासाला बाकावर असेल, रागावू नये.

केतकी_निगडी | ५ जून, रात्री ११:१५

रेवाची आई, वाचून काटा आला. लेकीला खूप शुभेच्छा.

संशयात्मा | ६ जून, सकाळी ८:१०

पण मग लहान मुलीत नुसती टेकवलेली धमनी मेंदूत मुळं धरते आणि ७१ वर्षांच्या माणसात शिवलेल्या बायपासनेही फायदा नाही, हे कसं?

शिरोरेखा | ६ जून, दुपारी १:४०

दोन आजार वेगळे, दोन मेंदूही वेगळे. मोयामोयातला, विशेषतः मुलांचा, मेंदू नव्या वाहिन्यांचा इतका भुकेला असतो की जे टेकवाल त्यातून त्या ओढून घेतो. आरएनएफ २१३ नावाच्या जनुकाचा संबंध २०११ मध्ये सापडला, पण ही ओढ एवढी का याचं कोडं अजून पूर्ण सुटलेलं नाही. दुसरी बाजूही आहे: हे नवं जाळं नाजूक असतं. मोठ्या माणसांत ते फुटून मेंदूत रक्तस्राव होतो. तिसरी फळी नाजूक म्हणालो ते यासाठी.

उलट वय, बीपी, मधुमेह हे पृष्ठभागावरच्या जोडवाहिन्या विरळ करत नेतात. तरुणपणी असलेल्याही कमी होतात. केतकींनी सुरुवातीला विचारलं होतं की वाढवता येतात का. प्राण्यांवरच्या प्रयोगांत व्यायामाने या वाहिन्या टिकतात असं दिसलंय. माणसांत, स्टॅटिन आधीपासून घेणाऱ्यांच्या कोलॅटरल्स बऱ्या आढळल्यात. मुद्दाम वाढवणारं औषध आजमितीला बाजारात नाही. 'नैसर्गिक बायपास' म्हणून पायाला पट्टे बांधून विकली जाणारी पॅकेजेस मेंदूसाठी घेऊ नका.

त्या रुंदावतात कशा, एवढं सांगतो. मुख्य वाट अरुंद झाली की तिच्या पलीकडे दाब घटतो, जोडवाहिनीतून जास्त रक्त धावू लागतं. धावत्या रक्ताचं घर्षण आतल्या अस्तराला जाणवतं आणि ती भिंत काही दिवस-आठवड्यांत स्वतःला मोठी करून घेते. म्हणजे वेळ लागतो. सासऱ्यांची धमनी बहुधा वर्षानुवर्षं अरुंद होत गेली, म्हणून हा वेळ मिळाला. हृदयातून अचानक गुठळी येऊन तीच धमनी बंद झाली असती तर चित्र फार वेगळं असतं.

मंदार_७ | ६ जून, दुपारी २:०५

मामांचं तसंच झालं. हृदयाचे ठोके अनियमित होते, तिथून गुठळी. आम्ही पोचलो तेव्हा उशीर झाला असं म्हणाले. पण शेजारच्या खाटेवरच्या माणसाला आमच्याहून उशिरा आणलं होतं, त्याची गुठळी ओढून काढली आणि तो बोलायला लागला. तेव्हा राग आला होता की आमच्यावर अन्याय झाला.

शिरोरेखा | ६ जून, दुपारी २:३६

मंदार, त्या रागाचं उत्तर कोलॅटरल्समध्येच आहे. मोठी धमनी बंद पडल्यावर मेंदूच्या मिनिटाला सरासरी १९ लाख पेशी जातात असा आकडा सांगतात. पण ती सरासरी. चांगल्या कोलॅटरल्सवाल्यात हा वेग कितीतरी कमी, वाईटवाल्यात कितीतरी जास्त. २०१८ च्या 'डॉन' आणि 'डिफ्यूज थ्री' या अभ्यासांनंतर स्कॅनमध्ये वाचवण्याजोगा मेंदू शिल्लक दिसला तर २४ तासांपर्यंत गुठळी काढतात. शेजारच्या माणसात तो शिल्लक राहिला असणार, मामांच्यात नसणार. घड्याळ दोघांना सारखं चालत नव्हतं.

मात्र आपल्या कोलॅटरल्स कशा आहेत हे आधी कुणालाच माहीत नसतं. त्यामुळे तोंड वाकडं, हात लुळा, बोबडी वळली की सीटी आणि गुठळी काढण्याची सोय असलेल्या हॉस्पिटलात लगेच. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन नेहमीच्या हिशोबाने साडेचार तासांच्या आतच.

बापूसाहेब_के | ६ जून, संध्याकाळी ७:१८

काढ्याचं सोडा. पण एक खरंच विचारतो. मी स्वतः बीपीवाला, आषाढी एकादशीला निर्जळी करतो. ते चालतं का?

शिरोरेखा | ६ जून, रात्री ९:००

बापूसाहेब, तुमचं तुमच्या डॉक्टरांना विचारा. पण केतकींच्या सासऱ्यांसारख्या माणसाने निर्जळी करू नये, हे मी ठामपणे सांगेन. अंगातलं पाणी कमी म्हणजे बीपी खाली आणि रक्त घट्ट. फराळ करा, साबुदाणा खा, पाणी प्या. विठोबा रागावणार नाही. तसंच जुलाब, भर उन्हातलं काम, कडकडीत गरम पाण्याची लांबलचक आंघोळ यांनीही बीपी पडतं.

केतकी_निगडी | ९ जून, रात्री ९:३०

काल परत डॉक्टरांकडे जाऊन आलो. यावेळी नणंदेलाही नेलं. तुमच्या सगळ्यांच्या उत्तरांवरून प्रश्न लिहून नेले होते, डॉक्टरांनी कागद हातातून घेतला आणि एकेकाचं उत्तर दिलं.

सगळ्यात मोठा शोध औषधांच्या डब्यात लागला. सासरे प्रोस्टेटची गोळी रात्री घेतात, ती दुसऱ्या डॉक्टरांनी दिलेली. त्याच वेळी बीपीच्या दोन गोळ्या. तिन्ही एकदम. प्रोस्टेटच्या गोळीनेही उभं राहिल्यावर बीपी पडतं म्हणे, आणि रात्रीतून दोनदा तरी ते लघवीला उठतात. आता बीपीची एक गोळी सकाळी नाश्त्यानंतर, एकीचा डोस अर्धा, प्रोस्टेटच्या गोळीबद्दल त्या डॉक्टरांशी हे न्यूरोलॉजिस्ट स्वतः बोलणार. फिटची गोळी हळूहळू कमी करून बंद. रक्त पातळ ठेवणाऱ्या ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल सध्या दोन्ही, पुढे एकच. स्टॅटिन मोठ्या डोसात, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) ७० च्या खाली आणायचं. घरी झोपून आणि उभं राहून असं दोनदा बीपी घेऊन वहीत लिहायचं. उजवीकडच्या ४० टक्क्यांसाठी ठरावीक काळाने डोप्लर, कारण आता दोन्हीकडचा भार तिच्यावर आहे. हे ऐकून नणंद गप्प झाली. स्टेंटचा विषय तिनेच मिटवला.

उठताना आधी कडेवर वळायचं, खाटेच्या काठावर पाय सोडून थोडं बसायचं, मग उभं राहायचं, हे सासऱ्यांना शिकवलंय. ते करतात, पण मी बघत असले तरच. हात अजून अधूनमधून थडथडतो, पूर्वीइतका नाही.

शेवटचा प्रश्न. त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलं होतं, ते आता कधी करावं? आणि भूल द्यायला धोका आहे का? हे विचारायचं राहूनच गेलं.

शिरोरेखा | ९ जून, रात्री १०:५५

हर्निया अडकलेला नसेल तर घाई नाही. टीआयए किंवा झटक्यानंतर असं ऑपरेशन काही महिने पुढे ढकलतात, नेमकी तारीख न्यूरोलॉजिस्ट आणि सर्जननी मिळून ठरवायची. भुलेत बीपी पडतंच, म्हणून भूल देणाऱ्या डॉक्टरांना आदल्या दिवशी नाही, तारीख ठरतानाच सीटी अँजिओचा रिपोर्ट दाखवा आणि ती वहीसुद्धा. त्यांना या माणसाचं नेहमीचं बीपी किती, हे कळलं की टेबलावर किती खाली जाऊ द्यायचं ते ठरवता येतं. आणि ऑपरेशन आहे म्हणून रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या स्वतःहून बंद करू नका. कंपाउंडरने फोनवर सांगितलं तरी नाही.

केतकी_निगडी | ९ जून, रात्री ११:०२

नोंदवून घेतलं. वहीच्या पहिल्याच पानावर.